बंद घरांची खूण

"आणि हे?" फौजदारबाईंनी विचारलं.

"खडू," मीटरवाला म्हणाला.

"ते दिसतंय मला. पाणी मोजायला खडू कशाला लागतो?"

त्याची पिशवी टेबलावर रिकामी करून मांडली होती. झाकण उचलायचा लोखंडी हुक, बॅटरी, काच पुसायचं फडकं, नोंदवही, दोन पेनं, जेवणाचा डबा आणि औषधाच्या जुन्या डबीत खडूचे तीन तुकडे. शेजारच्या टेबलावर हवालदार या वस्तूंची यादी करत होता. त्याने डबा उघडला, वास घेतला आणि परत बंद केला.

"मॅडम, भाजी कुठली तेही लिहू का?"

"डबा एवढंच लिहा."

सकाळी पावणेनऊला त्याला उचललं तेव्हा तो एका घराच्या फाटकाशी गुडघ्यांवर बसून, खड्ड्यात डोकं घालून मीटर वाचत होता. पाठीमागून कुणीतरी "काका, जरा उठा" म्हणालं. घरमालक असेल असं समजून तो म्हणाला, "दोन मिनिटं. शेवटचा अंक हलतोय." आणि शिपाई खरोखरच दोन मिनिटं थांबले होते.

"खुणा करायला लागतो," तो आता म्हणाला. "माझ्या एकट्याकडे तीनशे चाळीस घरं आहेत. कुठल्या घरी काय झालं ते लक्षात राहत नाही, म्हणून फाटकाच्या खांबावर खूण करतो. दोन रेघा म्हणजे कुत्रं. फुली म्हणजे माणूस आत आहे, पण रात्रपाळी करून झोपलाय, बेल वाजवायची नाही. त्रिकोण म्हणजे ऐकू कमी येतं, जोरात ठोठावायचं. आणि गोल म्हणजे कुलूप. दुसऱ्या फेरीला मी फक्त गोल शोधत जातो. आकडा मिळाला की पुसून टाकतो."

"म्हणजे गोल दिसतोय तोवर घर बंद."

"हो," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं.

बाईंनी ड्रॉवरमधून पाच फोटो काढून एकाखाली एक लावले. पाच खांब, पाच गोल. प्रत्येक गोलाखाली बारीक तारीख, त्याच्याच अक्षरात. तो गोल डावीकडून सुरू करायचा आणि मिटवताना रेघ थोडी बाहेर जायची. पाचही ठिकाणी ती तशीच बाहेर गेली होती.

"तीन आठवड्यांत पाच घरं फुटली. पाचही तुमच्या खुणेची."

त्याने फोटो नीट पाहिले. घाबरण्याआधी विचार करायची त्याला सवय होती. "बाई, एक बोलू? चोर बंद घरच फोडणार. आणि बंद घरावर माझा गोल असणारच. दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही."

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. त्या तिशीच्या असतील. डोळ्यांखाली काळं होतं आणि टेबलाच्या कडेला गार झालेला चहा होता.

"मलाही तसंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून मी काल माणसं पाठवून मोजून घेतलं. त्याच गल्ल्यांत आणखी अकरा घरं बंद आहेत. तुमची फेरी तिथवर पोचली नव्हती, त्यामुळे गोल नाहीत. त्या अकरांतलं एकही फुटलेलं नाही."

मोजणी बरोबर होती. त्यानेही अशीच केली असती.

"तुम्ही चोरी केलीत असं मी म्हणत नाहीये, काका. तुमचा हात असावा असं वाटायला वाजवी कारण आहे. अटक करायला मला तेवढं पुरतं."

"वाजवी म्हणजे किती?"

"काय किती?"

"शंभरात किती?"

हवालदार हसला. बाई हसल्या नाहीत. "कायद्यात आकडा दिलेला नाही," त्या म्हणाल्या. मग एक छापील कागद पुढे ओढून त्यांनी पेनाने भरला आणि उभं राहून त्याला वाचून दाखवला: तुम्हाला अमुक गुन्ह्याच्या संशयावरून अटक करण्यात येत आहे, संशयाची कारणं पुढीलप्रमाणे. कारणं तीन होती. तिन्ही खरी होती. त्याने खाली सही केली.

"वाचून दाखवायलाच लागतं का?" त्याने विचारलं.

"लागतं. ज्याला धरलं त्याला का धरलं ते कळायला पाहिजे. इथे आधी तसं होत नव्हतं. मी आल्यापासून होतं."

"आमचा त्यात घसा बसतो," हवालदार म्हणाला.

बाकावर त्याच्यासाठी जागा करून देण्यात आली. बाक भिंतीला खिळ्यांनी ठोकलेला होता. समोर मोठं घड्याळ होतं, त्याचा सेकंदकाटा दर वेळी सातावर अडखळून पुढे जायचा. एकोणतीस वर्षं तो लोकांच्या अंगणात न विचारता शिरत आला होता. कुणी झोपाळ्यावर असायचं, कुणी भांडत असायचं, कुणी नुसत्या टॉवेलवर असायचं. "मीटर" एवढं म्हटलं की लोक मान हलवून पुन्हा आपल्या कामाला लागायचे. तो कुणालाच दिसत नसे, आणि त्याला ते आवडायचं.

बारा वाजता बायको आली. एका हातात रक्तदाबाची गोळी, दुसऱ्या हातात धुतलेला शर्ट. आल्या आल्या ती हवालदारालाच भिडली.

"अहो, या माणसाला घरात साखरेचा डबा कुठे आहे ते बत्तीस वर्षांत सापडलेलं नाही. हा दुसऱ्याच्या घरात शिरून दागिने शोधणार?"

"वहिनी, मला काय सांगता? मी फक्त यादी करतो."

"मग यादीत लिहा. नाकासमोर चालणारा माणूस आहे म्हणून लिहा."

"तसा रकाना नाही हो."

ती त्याच्या शेजारी येऊन बसली, त्याला गोळी दिली, तो गिळेपर्यंत बघत राहिली. मग आवाज खाली आणला. "ऑफिसातून फोन आला होता. तुमच्या साहेबांचा. म्हणाले, आज सुटले तर काही प्रश्न नाही, अर्धी रजा टाकू. पण रात्र कोठडीत गेली तर त्यांच्या हातात काही राहत नाही. नियमच आहे म्हणे, उद्यापासून निलंबन. चौकशी होईपर्यंत."

"चौकशीला किती दिवस लागतात?"

"मागच्या त्या पंपवाल्याची किती चालली?"

पंपवाल्याची सहा वर्षं चालली होती. मध्येच तो निवृत्तीच्या वयाचा झाला, मग वारला. निर्दोष असल्याचं पत्र त्याच्या मुलाच्या हाती पडलं. मीटरवाल्याच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

"तुम्ही काही लपवताय का?" बायकोने अचानक विचारलं.

"नाही."

"मग विचारतील ते सांगून मोकळे व्हा ना. उगीच कुणाची झाकत बसू नका. तुमची कोण झाकतंय?"

ती गेल्यावर त्याने डबा खाल्ला. हवालदाराने तो यादीतून तात्पुरता काढून दिला होता.

दोन वाजता बाईंनी त्याला पुन्हा समोर बसवलं. या वेळी त्यांनी कागद बाजूला सरकवून ठेवला होता.

"काका, तुम्ही फोडलं नाही असं एक क्षण धरून चालू. मग कुणीतरी तुमच्या खुणा वाचल्या. तुमच्याशिवाय त्या कुणाला वाचता येतात?"

तो टेबलाच्या काचेकडे बघत राहिला. काचेखाली जुनी कॅलेंडरं दाबून ठेवली होती.

त्या खुणा त्याच्या एकट्याच्या नव्हत्या. टपालने आणि त्याने मिळून त्या ठरवल्या होत्या. टपाल म्हणजे त्या गल्ल्यांचा पोस्टमन. तो याला मीटर म्हणायचा आणि हा त्याला टपाल. बावीस वर्षांत खरी नावं वापरायची वेळ क्वचितच आली. टपालला सहीची पत्रं द्यायला माणूस घरात लागायचा, याला आकड्यासाठी फाटक उघडं लागायचं. एका उन्हाळ्यात एकाच बंद घराला दोघांनी चार-चार खेपा घातल्यावर टपाल म्हणाला होता, "अरे, तू आधी गेलास तर खूण कर ना माझ्यासाठी. माझ्या पायांना काय तुझं ऑफिस भत्ता देतं?" त्रिकोण टपालने काढला होता. आठ महिन्यांपूर्वी तो निवृत्त झाला. नवा पोस्टमन मोटरसायकलवरून येतो, खांबांकडे बघत नाही.

"कुणाला येतात, एवढंच विचारतेय," बाई म्हणाल्या. "चोर कोण, ते विचारत नाहीये."

याच वाक्याने त्याला धीर आला. प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तर त्याला माहीत होतं. तबकडीवर जो अंक असतो तो माणूस वाचतो. पाणी कुणी वापरलं, का वापरलं, हे मीटरवाल्याने बघायचं नसतं.

"पोस्टमनला येतात," तो म्हणाला. "जुन्या. आता निवृत्त आहे."

"शेवटचे कधी भेटलात?"

"गेल्या महिन्यात. मंगळवारी."

"काय बोलणं झालं?"

आठवत होतं तेवढं सगळं त्याने सांगितलं. गुडघे, उकाडा, नव्या पोस्टमनची मोटरसायकल. आणि काही गाळलं असं होऊ नये म्हणून तेही सांगितलं: "कोपऱ्यावरचं घर अजून बंदच आहे का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हो, गोल आहे अजून."

बाईंचं पेन थांबलं. पाचवा फोटो कोपऱ्यावरच्या घराचा होता.

"बाई, तो तसला नाही," मीटरवाला घाईने म्हणाला.

"तुम्हीही तसले नाही असंच म्हणताय," बाई म्हणाल्या. आवाजात खोच नव्हती. त्यांनी शिपायाला हाक मारली.

टपालला आणलं तेव्हा सव्वातीन झाले होते. पायांत घरच्या सपाता, चष्मा कपाळावर, हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र. दारातून आत येताच त्याला बाकावरचा माणूस दिसला आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे मीटर! तुलाही धरलं? चला, बरं झालं. मला वाटलं इथे सगळी परकी माणसं असणार."

तो शेजारी येऊन बसला. बाक हलला.

"काय रे, काय केलंस? कुणाचं पाणी पिऊन टाकलंस?"

"टपाल—"

"मला सांगायलाच तयार नाहीत. साहेबीणबाई सांगतील म्हणाले. बायको स्वयंपाकघरातून ओरडतेय, पेन्शनच्या कागदावर कुठे खोटी सही केलीत का म्हणून. सुखाने वर्तमानपत्रही वाचू देत नाहीत. कोडं अर्धं राहिलं." त्याने मित्राकडे नीट बघितलं. "तू जेवलास का? चेहरा बघ कसा झालाय. गोळी घेतलीस?"

"घेतली."

"घाबरू नकोस. आपण काय केलंय? चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. होईल चौकशी, सोडतील. मी आहे ना." आणि त्याने मीटरवाल्याच्या गुडघ्यावर थाप मारली. दुखऱ्या नाही, दुसऱ्या. दुखरा कुठला ते त्याला माहीत होतं.

सांगायचं तर आत्ताच, असं मीटरवाल्याला वाटलं. सेकंदकाटा दोन-तीनदा सातावर अडखळला. त्याने तोंड उघडलं तेवढ्यात बाई बाहेर आल्या. हातात छापील कागद होता, भरलेला.

"मॅडम, ते आत नेऊन..." हवालदार अर्धवट उठत म्हणाला. त्याने दोघांकडे बघितलं होतं.

पण बाईंनी वाचायला सुरुवात केली होती. त्या कुणासाठीही वेगळं करत नसत, आणि त्यांच्या मते न्याय तो हाच होता. संशयाची कारणं पुढीलप्रमाणे. एक, सदर इसमास घरांवरील खुणांचा अर्थ ज्ञात असल्याचे मीटरवाचकाने सांगितले आहे. दोन, सदर इसमाने गेल्या महिन्यात मंगळवारी मीटरवाचकाकडे कोपऱ्यावरील घर बंद आहे काय याची चौकशी केल्याचे मीटरवाचकाने सांगितले आहे. तीन, त्यानंतर नऊ दिवसांनी सदर घरात चोरी झाली आहे.

"समजलं का?" बाईंनी विचारलं. "काही सांगायचंय?"

टपालने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. कागद मागून घेतला आणि स्वतः एकदा वाचला. पत्ता तपासावा तसा, ओळीवर बोट फिरवत.

"मंगळवार नाही," तो म्हणाला. "बुधवार होता. मंगळवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे होतो."

"घराची चौकशी कशासाठी केलीत?"

"तिथे एक शिक्षिका राहतात. निवृत्त. मुलाकडे ऑपरेशनला गेल्या होत्या, महिन्यात येते म्हणाल्या होत्या. त्यांची पत्रं वीस वर्षं मी दिली. आल्या की नाही, म्हणून विचारलं." तो थांबला. "विचारायला दुसरं कुणी नव्हतं."

त्याने सही केली. बाकावर परत बसताना त्याने मध्ये वर्तमानपत्र ठेवलं. मुद्दाम ठेवलं असं म्हणता आलं नसतं. हातात होतं, ठेवलं.

मीटरवाला म्हणाला, "त्यांनी विचारलं, कुणाला वाचता येतात. मी एवढंच सांगितलं."

"बरोबर आहे," टपाल म्हणाला. "येतातच मला."

नंतर अडीच तास दोघं तिथे बसले. एकदा टपालने हवालदाराकडे पाणी मागितलं. एकदा मीटरवाल्याने पंखा कमी करायला सांगितला, कारण टपालला वाऱ्याने शिंका येतात.

पावणेसहाला फोन वाजला. शेजारच्या गावात दोन रंगारी एका गाळ्यात मालासकट सापडले होते. ते घरोघर जाऊन फाटकं रंगवायचं काम विचारायचे. फोन ठेवून बाई बाहेर आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. दोन दिवस तुमच्या मागे मागे हिंडले. गोल काढून तुम्ही बेल न वाजवता पुढे जाता, हे बघितलं. यात शिकण्यासारखं काय आहे, असं म्हणतायत."

"म्हणजे कुणालाही कळलं असतं," मीटरवाला म्हणाला.

"बघितलं असतं तर." त्यांनी कपाळ चोळलं. "मला समोर जे दिसत होतं, त्यावरून मी..."

"तुमचं बरोबर होतं," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्यामुळेच त्याला जास्त थकल्यासारखं झालं.

हवालदाराने यादीवर एकेक टिक करत वस्तू परत दिल्या. खडू देताना त्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली, तेव्हा डबी त्याने ठेवून घेतली. टपालकडून घेतलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे त्याला परत काही मिळालं नाही.

बाहेर अजून उजेड होता. पायऱ्या उतरताना मीटरवाल्याचा गुडघा धरला आणि तो कठड्याला टेकला. "टपाल, थांब जरा. बरोबर जाऊ."

टपाल दोन पायऱ्या खाली होता. तो वळला नाही. "नको, माझी बस येईल आता," तो म्हणाला.

त्याचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं.

रात्र कोठडीत गेली नाही, त्यामुळे ऑफिसने अर्धी रजा लावली आणि विषय संपला. पुढच्या महिन्यात परिपत्रक निघालं: खांबांवर, भिंतींवर कोणतीही खूण करू नये. प्रत्येक घराची बेल वाजवावी. घरी कुणी नसणार असेल तर मालकाने आकडा कागदावर लिहून फाटकाला लावून ठेवावा. फेरीला आता दीडपट वेळ लागायचा. बायका दारातून बघत उभ्या राहायच्या. तो मीटरपाशी बसला की मागून कुणीतरी विचारायचं, "ओळखपत्र आहे ना?" तो ते गळ्यातच घालून ठेवू लागला.

टपालचं घर शेवटच्या गल्लीत होतं. दर महिन्याला तो व्हरांड्यातूनच ओरडायचा, "आले, पाण्याचे हिशेबनीस आले, चहा टाका." परिपत्रकानंतरच्या पहिल्या फेरीला व्हरांडा रिकामा होता. दार लोटलेलं होतं आणि आत रेडिओ चालू होता. फाटकाला चिमट्याने एक कोरं पोस्टकार्ड लावलेलं होतं.

त्यावर आकडा लिहिला होता. काळे चार अंक आणि त्यांच्यापुढे लाल शाईने तीन. लाल अंक ऑफिसला लागत नाहीत, वहीत त्यांना रकानाही नाही. टपालने तेही लिहिले होते, सुटे, ठळक, कुणालाही वाचता येतील असे. खाली तारीख आणि वेळ. नाव नव्हतं, निरोप नव्हता.

स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, असं मीटरवाला प्रत्येक नव्या माणसाला शिकवत आला होता. कागदावरचा आकडा मिळाला तरी झाकण उघडून पडताळायचा. झाकण आत चार पावलांवर होतं. फाटकाला कडी नव्हती.

त्याने वही उघडली आणि कार्डावरचा आकडा उतरवून घेतला. काळे चार रकान्यात बसले, लाल तीन समासात गेले. वारा होता, म्हणून चिमटा त्याने पुन्हा नीट दाबून बसवला. मग वही बगलेत धरून तो पुढच्या घरापाशी गेला आणि बेल वाजवून, दोन पावलं मागे सरून उभा राहिला.